घरापुढील सायबान

ज्येष्ठाच्या अखेरीस देहूची पालखी वरवंडचा मुक्काम आटोपून पाटसला येते. पुणें-सोलापूर रस्त्यावरचें, दौंड तालुक्यांतील हें गांव पर्जन्यछायेच्या टापूंत आहे. सह्याद्रीवर कोसळणारे ढग येथवर पोंचेपर्यंत रिते झालेले असतात. आकाश भरून आल्यासारखें दिसतें, पण पाऊस येईलच असा भरंवसा नसतो, आणि ऊन मात्र ढगांच्या फटींतून येऊन वैशाखासारखें भाजतें. म्हणून पालखीच्या दिवशीं रस्त्याच्या दोहों अंगांस कापडाची सावली उभी राहते. दुकानांपुढें, ओट्यांपुढें, पाणी वाटण्याच्या जागेवर, जो तो घरांत असेल तें कापड बाहेर काढून ताणून बांधतो. पालखी नागेश्वराच्या देवळापाशीं विसावते, माणसें चार घास खातात, आणि मग रथाला जादा बैलजोड्या जुंपून ती रोटीचा घाट चढून उंडवडीकडे निघून जाते.

त्या दिवशीं सहज नजर टाकली तरी दोन प्रकारचीं छतें ओळखूं येतात. एक घरवाल्यांचें. त्याचा एक कोपरा खिडकीच्या गजाला, दुसरा विजेच्या खांबाला, तिसरा झाडाला. मध्यें कापडाला पोट सुटलेलें, सरीचें पाणी त्यांत सांचलेलें, आणि गांठी अशा बसलेल्या कीं त्या शेवटीं विळ्यानेंच सोडाव्या लागतात. दुसरें दिंडीकऱ्यांचें. दोन माणसें येतात, खांब उभा करतात, दोर ताणतात, मेखा ठोकतात, आणि अभंग संपावयाच्या आंत राहुटी उभी असते. निघण्याची वेळ झाली कीं एका हिसक्यासरशीं गांठ सुटते. कापड दोघांचेंही जवळजवळ सारखेंच असतें. फरक असतो तो हातांत. या हाताला एक जुनें नांव आहे, आणि तें नांव महाराष्ट्राच्या कारभारांत एके काळीं चांगलें मानाचें होतें.

कापडी सावलीसाठीं भारतीय भाषांत शब्दांची उणीव कधींच नव्हती. संस्कृतांत छत्र आहे, वितान आहे. मराठींत चांदवा, मांडव, पाल, राहुटी, डेरा आणि तंबू हे शब्द एका पंक्तीला बसले आहेत. अजिंठ्याच्या कांहीं लेण्यांत दगडी छतावर जें चित्रकाम आहे तें पाहतांना वर कापडाचा चांदवाच ताणला आहे असा भास होतो. डोंगर कोरून केलेल्या, कधीं न गळणाऱ्या छतालाही कापडाची आठवण हवीशी वाटली, ही गोष्ट मोठी मौजेची आहे. पुढें फारसीच्या संगतीनें शामियाना, कनात आणि सायबान हे शब्द आले. ‘साया’ म्हणजे सावली, आणि सावली राखणारें तें सायबान. दरवान दार राखतो, बागवान बाग राखतो, तसें हें कापड सावली राखतें. मोगलांच्या सरंजामांत ‘नमगीरा’ नांवाचें आणखी एक छत होतें. त्याचा अर्थ दंव झेलणारें. उन्हासाठीं एक आणि दंवासाठीं दुसरें, इतका बारीक विचार त्या काळीं झालेला होता.

हा विचार करणारें खातें म्हणजे फरासखाना. ‘फर्राश’ हा मूळ अरबी शब्द. अंथरणारा, पसरणारा, असा त्याचा अर्थ. तंबू उभारणें, गालिचे घालणें, कनाती लावणें, मग तें सर्व झटकून, वाळवून, घडी घालून पुढच्या मुक्कामाला पाठविणें, हें त्याचें काम. अकबराच्या राज्यव्यवस्थेचें वर्णन करणाऱ्या अबुल फजलनें ‘आईन-इ-अकबरी’ या ग्रंथांत या खात्याला स्वतंत्र स्थान दिलें आहे. बारगाह नांवाचा जो मोठा दरबारी तंबू असे त्यांत दहा हजारांवर माणसें मावत, आणि तो यंत्रांच्या साहाय्यानें उभारण्यास एक हजार फरासांना एक आठवडा लागे, असें तो लिहितो. बादशहाची एक छावणी हलवावयाची म्हणजे 100 हत्ती, 500 उंट, 400 गाड्या आणि 100 हमाल. शिवाय सुतार, पाणके, चामड्याचें काम करणारे, आणि मशालजी हे वेगळेच. बादशहा एका छावणीत असतांना पुढच्या मुक्कामावर दुसरी छावणी आधींच उभी होत असे. कापडाचीं दोन शहरें एकामागून एक चालत जावींत, तसा तो थाट होता.

शिवछत्रपतींच्या राज्यांतील अठरा कारखान्यांत फरासखान्याचें नांव येतें. परंतु मराठ्यांच्या फौजेची कीर्ति तंबूंच्या थाटासाठीं नव्हती. हलका सामान आणि जलद चाल हें तिचें बळ. प्रसंग पडला तर मात्र कापडाचा उपयोग कसा करावा हें महाराजांस पक्कें ठाऊक होतें. 10 नोव्हेंबर 1659 रोजीं प्रतापगडाच्या पायथ्याशीं अफझलखानाची भेट झाली ती शामियान्यांत, आणि तो शामियाना महाराजांच्याच माणसांनीं मुद्दाम श्रीमंती थाटानें सजविला होता. भेटीची जागा, तिचा दरवाजा आणि तिची सजावट हीं सर्व ज्याच्या हातीं, त्याच्या हातीं अर्धा डाव आलेला असतो.

मोगली तंबूंचें हें जड शहर पुढें दक्षिणेंत उतरलें तें 1681 नंतर, औरंगजेबाबरोबर. पाटसच्या उत्तरेस जी भीमा वाहते तिच्याच कांठानें मोगलांचीं ठाणीं पडलीं. दौंडच्या पुढें भीमेच्या पैलतीरावर पेडगांवचा बहादुरगड आहे. 1689 च्या आरंभीं छत्रपति संभाजी महाराजांना कैद करून औरंगजेबापुढें नेलें तें तेथील छावणींत. त्याच वर्षीं भीमा-इंद्रायणीच्या संगमावर तुळापुरास मोगलांची छावणी असतांना संताजी घोरपडे आणि त्यांचे साथीदार रात्रीं तींत शिरले, बादशाही डेऱ्याचे तणावे त्यांनीं कापले, आणि वरचे सोन्याचे कळस काढून ते निघून गेले, अशी बखरींतील प्रसिद्ध कथा आहे. कथेंतील बारीकसारीक तपशिलांबद्दल इतिहासकारांत एकमत होणें कठीण. पण ज्यानें ती प्रथम सांगितली त्याला तंबूचें शास्त्र समजत होतें, यांत संशय नाहीं. डेरा खांबावर उभा असतो असें पाहणाराला वाटतें. खरें पाहतां तो दोरावर उभा असतो. दोर तुटला कीं खांबाची काठी होते आणि कापडाचें जाळें होतें. आंतली माणसें कितीही शूर असोत, त्या जाळ्यांतून बाहेर येईपर्यंत शत्रु दूर गेलेला असतो.

पाण्यानेंही त्या छावणीला सोडलें नाहीं. 1700 सालीं माण नदीकांठीं खवासपूरला मुक्काम असतांना रात्रीं पूर आला, तंबू आणि जनावरें वाहून गेलीं, आणि त्या धांदलींत पाय घसरून औरंगजेबाचा गुडघा निखळला. हजार फरास पदरीं असले तरी नदीच्या पात्रालगत मेखा ठोकूं नयेत, हा धडा कापडाच्या शास्त्राचाच भाग आहे.

पेशवाईंत फरासखाना पुण्यांत स्थिरावला. शनिवारवाड्याच्या शेजारचें तें नांव आज पोलीस ठाण्याच्या रूपानें शिल्लक आहे. रोज तेथून जाणाऱ्या शेंकडों पुणेकरांना त्या शब्दाचा अर्थ विचारला तर फारच थोडे सांगूं शकतील. त्या काळच्या वाड्यांत कापडी छताचा उपयोग दोन तऱ्हेनें होई. दिवाणखान्यांत लाकडी तक्तपोशीखालीं पांढरें किंवा रंगीत छत ताणून बांधीत. वरून पडणारी धूळ, कोळिष्टकें आणि उंदरांच्या पायांनीं सुटणारी माती त्यांत झेलली जाई. चौकांत आणि अंगणांत मात्र लग्नमुंजीच्या, श्रावणांतल्या दक्षिणेच्या किंवा कीर्तनाच्या वेळीं कापड वर चढे. पहिलें छत महिनेन् महिने राही, दुसरें चार दिवसांत उतरे. दोन्हींची निगा निराळी होती, आणि दोन्हींची जबाबदारी फरासाची होती.

सरदारांच्या घरीं हें सामान वंशपरंपरेनें सांभाळलें जाई. पुणें प्रांतांतील शितोळे देशमुखांचें नांव याच पाटस-कुसेगांवच्या मुलुखाशीं निगडित आहे. त्यांच्यांतील लाडोजी शितोळे महादजी शिंद्यांचे जांवई होते. याच आडनांवाच्या, बेळगांवकडील अंकलीच्या सरदार घराण्यानें एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत हैबतबाबा आरफळकरांना ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्याची घडी बसवितांना घोडे आणि तंबू दिला. आजही माउलींच्या मुक्कामावर शितोळे सरकारांच्या घोड्यांचा आणि तंबूचा मान आहे. तो सोहळा सासवड-जेजुरीच्या वाटेनें जातो, पाटसला येत नाहीं. पाटसला येते ती तुकोबांची पालखी, जिची परंपरा त्यांचे चिरंजीव नारायण महाराज यांनीं 1685 सालीं सुरू केली. 1685 हें साल ध्यानांत घेण्यासारखें आहे. औरंगजेब दक्षिणेंत उतरून तेव्हां चार वर्षें झालीं होतीं. ज्या मुलुखावर बादशाही डेऱ्यांची छाया पडली होती, त्याच मुलुखांतून वारकऱ्यांचीं पालें दरसाल पंढरीकडे जाऊं लागलीं. डेरे गेले. पालें अजून जातात. पण सामान उतरविण्याची, उभारण्याची आणि वाळविण्याची शिस्त मात्र दोहोंकडे एकच आहे, आणि लष्करी फरासखाना बंद पडल्यावर ती जिवंत राहिली ती या वाटेवर.

इंग्रजी अंमल आला तसा घराघरांतील कापड बदललें. 1837 च्या सुमारास जबलपूरला ठगांपैकीं जे माफीचे साक्षीदार झाले त्यांच्यासाठीं एक उद्योगशाळा निघाली. तेथें ते तंबू आणि गालिचे विणूं लागले. ज्यांनीं आयुष्यभर वाटसरूंचे गळे रुमालानें आवळले, त्यांनींच साहेबांच्या प्रवासासाठीं तंबू शिवावेत, हा योगायोग नसून सरकारी योजना होती. पुढें कानपूरच्या गिरण्यांनीं तंबूच्या जाड सुती कापडाचा मोठा व्यापार केला. पुण्याहून दिकसाळपर्यंतचा लोहमार्ग 1858 सालीं खुला झाला आणि पाटसचा मुलुख आगगाडीच्या वाटेवर आला. मग जें कापड पूर्वीं सरदाराच्या उंटावरच दिसे तें आणणें कोणाही गृहस्थाला शक्य झालें. त्याला इंग्रजींत कॅनव्हास म्हणतात. तो शब्द लॅटिनमधील भांगेच्या झाडाच्या नांवापासून निघाला, कारण जुनें कॅनव्हास त्याच झाडाच्या वाखाचें असे. आपल्याकडे रुळलेला ‘ताडपत्री’ हा शब्द दिसतो संस्कृत, पण तो टारपॉलिन या इंग्रजी शब्दाचा मराठी अवतार असावा. त्यांत ताडही नाहीं आणि पत्रही नाहीं.

साहेबाच्या बंगल्याला व्हरांडा होता आणि व्हरांड्याला कापडी पडदा. तो ओढणारा, गुंडाळणारा, पावसाळ्यापूर्वीं उतरविणारा नोकर होता. त्या नोकराला कित्येक ठिकाणीं फरास असेंच म्हणत. मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गानें बंगल्याचा व्हरांडा घेतला, गॅलरीवरचें कापडी छत घेतलें, लोखंडी गज आणि पितळी कड्या घेतल्या. फरास मात्र घेतला नाहीं. त्याचा पगार परवडणारा नव्हता, हें खरें. पण त्याचें काम कोणी करावयाचें, हा प्रश्न कोणाला पडला नाहीं. म्हणून शहरांतील घरोघरचीं छतें तीन पावसाळ्यांत काळीं पडतात आणि चौथ्यांत फाटतात, आणि दोष कापडाला दिला जातो.

फरासाचें काम काय होतें हें नीट पाहिलें तर घरचें सायबान दुप्पट काळ टिकणें कठीण नाहीं. पहिली गोष्ट उताराची. कापड आडवें ताणलें कीं त्यांत पोट धरतें, पोटांत पाणी सांचतें, पाण्याच्या भारानें पोट आणखी वाढतें. एक घनफूट पाण्याचें वजन साधारण 28 किलो भरतें. दहा-बारा चौरस फुटांच्या खोलगट भागांत सहा इंच पाणी सांचलें तर दीडशें किलोंचा भार त्या चार कड्यांवर येतो. तो त्यांना कोणी सांगितलेला नसतो. भिंतीकडून बाहेर निघालेल्या कापडाला चार हातांमागें निदान एक हात उतार द्यावा. भिंतीकडचा आधार विटांच्या सांध्यांतील चुन्यांत नव्हे, पक्क्या विटेंत, दगडांत किंवा लाकडी तुळईंत बसवावा. वारा आला म्हणजे कापड खालीं ओढत नाहीं, वर उचलतें. खुंटी उपटली जाते ती या उचलण्यानें.

दुसरी गोष्ट दोराची. सुती आणि अंबाडीचा दोर भिजला कीं आखडतो. कोरड्या हवेंत छान ताणलेला दोर पहिल्या सरीला इतका आवळतो कीं मेख उपटते किंवा कापडाची कड फाटते. म्हणून जुने फरास ढग दिसतांच दोर सैल करीत, आणि ऊन पडतांच पुन्हां ताणीत. आजच्या नायलॉनच्या दोराची तऱ्हा निराळी. तो भिजल्यावर उलट सैल पडतो, म्हणून पाऊस थांबल्यावर त्याला पाहावें लागतें. दोर कोणताही असो, गांठ सुरगांठ हवी. निरगांठ मारणारा माणूस छत बांधीत नाहीं, तें कायमचें अडकवून ठेवतो. वावटळ उठली म्हणजे हा भेद एका क्षणांत समजतो. सायबान वाऱ्याशीं झुंजण्यासाठीं नाहीं. वारा वाढला कीं तें उतरावें, हाच त्याचा बचाव. रोमच्या कोलोसियमवर पहिल्या शतकांत प्रेक्षकांसाठीं जें अवाढव्य कापडी छत ताणीत, त्यासाठीं मिसेनमच्या आरमारांतील खलाशी नेमलेले असत. बादशहाच्या खेळघराला माळी नको, सुतार नको, खलाशी हवे, कारण शीड केव्हां उतरावें हें खलाशालाच कळतें.

तिसरी गोष्ट ओलाव्याची, आणि सर्व नुकसान येथेंच होतें. सुती कापडाचा धागा वनस्पतीचा, आणि बुरशीला तो अन्नासारखा. कोरड्या धाग्याला बुरशी लागत नाहीं. ओल्या कापडाची घडी घालून कोपऱ्यांत ठेवली कीं दोन-तीन दिवसांत वास येऊं लागतो, मग काळे ठिपके उठतात. ते ठिपके म्हणजे नुसता मळ नव्हे. तेथें धागा खाल्ला गेलेला असतो, आणि तो कोणत्याही साबणानें परत येत नाहीं. पावसानें भिजलेलें कापड म्हणून कधीं घडी करूं नये. करावीच लागली तर ऊन पडतांच प्रथम तेंच उलगडावें. भिजून दुसऱ्या दिवशीं उन्हांत पडलेल्या कापडाला कांहीं होत नाहीं, आणि त्यामुळेंच पाटससारख्या कोरड्या हवेंत तंबू वर्षानुवर्षें टिकतो, तर कोंकणांत त्याच कापडाला एका श्रावणांत वास येतो.

जाड सुती कापड पाणी कसें अडवितें, हेंही समजून घेण्यासारखें आहे. धागे भिजले कीं फुगतात आणि त्यांच्यामधलीं भोकें बंद होतात. पहिल्या कांहीं क्षणांत थोडें पाणी झिरपतें, मग थांबतें. आंतून मात्र बोट लावूं नये. बोट लागलें त्या जागीं पाण्याला वाट मिळते आणि तेथून थेंब गळत राहतो. तंबूंत निजलेल्या मुलांना आज्या हें बजावीत असत, पण कारण सांगत नसत. याहून अधिक रक्षण हवें असेल तर साबण आणि तुरटी यांचा जुना उपाय आहे. कापड प्रथम साबणाच्या गरम पाण्यांत भिजवून पिळावें, मग तुरटीच्या पाण्यांत घालावें. धाग्यांच्या आंतच दोहोंचा संयोग होऊन पाण्यांत न विरघळणारा असा एक मेणचट पदार्थ तयार होतो, आणि पाणी कापडावरून घरंगळतें. पुढें नेहमींचा धुण्याचा साबण लावला कीं हा लेप उतरतो. कोणी जवसाचें तेल लावतात. त्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं तेलकट कापडाची घडी कोंदट जागीं ठेवली तर ती आपोआप तापते, आणि क्वचित् पेटतेही.

धुणें म्हणजे घासणें, अशी शहरी समजूत आहे. तिनें जितकीं छतें फाडलीं तितकीं वाऱ्यानेंही फाडलीं नसतील. फरास आठवड्याला कापड कोरडें झटकी, मऊ कुंच्यानें वरची धूळ काढी, आणि पाण्याला वर्षांतून एक-दोनदांच हात लावी. धूळ वाळूसारखी असते. ती धाग्यांत राहून कापड हाललें कीं धागा कातरते. ओली केली कीं चिखल होऊन आंत बसते. म्हणून आधीं झटकणें, मग पाणी. पाणी कोमट, रिठ्याचें किंवा सौम्य साबणाचें. डागांसाठीं ब्लीचिंग पावडर वापरूं नये. डाग जातो आणि त्याबरोबर कापडाचें बळही जातें. पाखरांची घाण त्याच दिवशीं धुवावी. लोखंडी कड्यांच्या गंजानें पडलेला तांबूस डाग जात नाहीं, म्हणून जुन्या तंबूंना पितळी कड्या असत. तो केवळ थाट नव्हता. आणि सर्वांत आधीं उसवते ती शिवण. उन्हानें दोरा कापडापूर्वीं जिरतो. दर दसऱ्याला सायबान उतरवून शिवणी उजेडाकडे धरून पाहाव्यात, आणि जेथें टांका उसवला असेल तेथें त्याच दिवशीं शिवावें. बोटभर भोकाला दोन्ही बाजूंनीं ठिगळ लागतें आणि काम होतें. हातभर भोकाला नवें कापडच लागतें.

गेल्या साठ-सत्तर वर्षांत कापडही बदललें. ॲक्रिलिकचे धागे रंगवून मग विणलेलीं छतें आलीं. त्यांना बुरशी खात नाहीं, रंगही सहसा उडत नाहीं. तरी त्यांवर बसलेल्या धुळीला आणि पानांच्या कचऱ्याला बुरशी येतेच, त्यामुळें झटकण्याचें काम कांहीं चुकलें नाहीं. त्यामागून निळी-पिवळी प्लॅस्टिकची ताडपत्री आली. ती स्वस्त आहे, पाणी आरपार जाऊं देत नाहीं, आणि उन्हानें दोन-तीन वर्षांत तिचे तुकडे पडतात. तिच्याखालीं उभें राहिलें कीं वारा लागत नाहीं आणि घाम सुटतो. सुती कापड श्वास घेतें, हें म्हणणें काव्य नव्हे. ज्यानें दोन्हींखालीं चैत्रांतील दुपार काढली त्याला तें पटतें. पाटसच्या बाजारांतील पालांत आज बहुतेक ठिकाणीं हीच ताडपत्री दिसते, आणि तिच्या चार कोपऱ्यांना निरगांठी असतात.

पालखीच्या मुक्कामावर पहांटे, अजून अंधार असतांना, दिंड्यांचे सेवेकरी उठतात. रात्रीं पाऊस झाला असेल तर प्रथम राहुटीच्या वरच्या बाजूस काठीनें हलकेच टिचक्या मारून पाणी खालीं पाडतात. मग दोर एकेक करून सुटतात, खांब आडवा होतो, आणि कापड चौघांच्या हातांत उलगडून झटकलें जातें. मेखा मोजून पिशवींत जातात, कारण एक हरवली तर पुढच्या मुक्कामीं एक कोपरा लोंबकळणार. ट्रकवर ओलें कापड सर्वांत वर ठेवलें जातें. वरवंडहून पुढें निघालेल्या ट्रकांवर तें वाऱ्यानें फडफडत असतें, आणि पाटसच्या विसाव्याला थोडें ऊन पडलें कीं तें रस्त्याकडेच्या बांधावर पसरून ठेवतात. पालखी घाट चढूं लागली म्हणजे तें वाळलेलें असतें. मग कोणी एकजण तें उचलतो, कड्यांवरून हात फिरवून पाहतो, आणि घडी घालतो.